बाबा बाहेर गेलेत

"बाबा गेले," पूर्वा फोनवर म्हणाली.

"हो का? कुठे गेले?" राकेशने विचारलं.

पूर्वाला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. पहाटेपासून तिचं डोकं तसंही बधिर झालं होतं. आतल्या खोलीत तिचे वडील, सीताराम, पांढऱ्या चादरीखाली निपचित पडले होते. तिचा नवरा संजय डॉक्टरांना आत्ताच जिन्यापर्यंत सोडून आला होता. आणि हा तिचा सख्खा धाकटा भाऊ, खराडीच्या थंडगार ऑफिसात बसून विचारत होता, कुठे गेले.

"राकेश, अरे, बाबा गेले रे," ती पुन्हा म्हणाली. या वेळी तिला हुंदका आवरला नाही.

"कळलं मला, ताई. तू दमलेली वाटतेस. थोडा चहा घे. बाबा परत आले की त्यांना सांग, मी संध्याकाळी नेहमीसारखा फोन करतो."

फोन स्पीकरवर होता. खोलीत संजय होता, खालच्या मजल्यावरची दोघंतिघं होती, आणि शेजारच्या बायडाबाई होत्या. ही सोसायटी ज्यांच्या उसाच्या शेतावर उभी राहिली, त्या घरातल्या या बायडाबाई; शेताच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये राहायच्या आणि सगळ्या बिल्डिंगवर अजून शेतमालकिणीच्या नजरेने लक्ष ठेवायच्या. सगळ्यांनी ऐकलं. कुणी कुणाकडे बघेना. बायडाबाईंनी पदर तोंडाला लावला.

त्या क्षणी पूर्वाला जे वाटलं त्याला दुःख म्हणत नाहीत. दुःख पहाटेच होऊन बसलं होतं. ही किळस होती. पानात माशी पडलेली दिसावी आणि घास तोंडात असावा, तशी.

"मयत कधी न्यायचं?" खालच्या मजल्यावरच्यांपैकी एकाने संजयला हळूच विचारलं. "वैकुंठ स्मशानभूमीत कळवून ठेवू का?"

"थांबा," पूर्वा म्हणाली. "राकेशशी बोलल्याशिवाय काही ठरवायचं नाही."

याला कारण होतं. सीताराम पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आणि मरण्याच्या बाबतीतही त्यांना सगळं रीतसर हवं होतं. गेल्याच आठवड्यात पूर्वा त्यांचे पाय चेपत असताना ते म्हणाले होते, "माझ्यामागं काय करायचं ते मी राकेशला सांगून ठेवलंय. तो करेल. तुला त्रास नको." पूर्वाच्या हाताला तेल होतं आणि मनाला मिरची लागली. गोळ्या कोण देतं? मी. भांडं कोण उचलतं? मी. आणि शेवटची इच्छा कुणाला सांगायची, तर महिन्यातून एकदा बिर्याणीचा डबा घेऊन येणाऱ्या चिरंजीवांना! दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. पण तिने पाय चेपणं चालू ठेवलं. आता ते राकेशला काय सांगून गेले होते, एवढं एकच तिला हवं होतं. बापाचं शेवटचं मागणं होतं ते. त्यात चूक झाली तर ती पुन्हा कधीच दुरुस्त होणार नव्हती.

तिने फोन पुन्हा लावला. लावला म्हणजे नुसतं बोट टेकवलं; रिंग वाजायच्या आतच तिकडून आवाज आला, "जयभीम, ताई!" हल्ली राकेशचा फोन वाजतच नसे. पूर्वी चार-चारदा लावावा लागे आणि मग तो "मीटिंगमध्ये आहे गं" म्हणून खेकसे. गेल्या वर्षभरात मात्र तो पहिल्याच झटक्याला भेटायचा आणि गोड बोलायचा. माणूस सुधारतो, असं पूर्वाला वाटलं होतं. पस्तिशी जवळ आली की येतं शहाणपण.

"राकेश, नीट ऐक," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "बाबा वारले. पहाटे. आपले बाबा मेले, राकेश."

तिकडून राकेशचाच आवाज आला, पण खालच्या पट्टीत, आकाशवाणीवर राष्ट्रीय दुखवटा सांगतात तसा. "ऐकून अतिशय दुःख झालं, ताई. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो, आणि आपल्या कुटुंबीयांना या दुःखातून सावरण्याचं बळ देवो."

पूर्वाने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघितलं.

या घरात ईश्वर आणि आत्मा हे दोन्ही पाहुणे छप्पन सालापासून आले नव्हते. सीताराम सहा वर्षांचे असताना बापाच्या खांद्यावर बसून नागपूरला जाऊन आलेले. नाव जुनंच राहिलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाटी तीच आहे, दुकान बदललंय." भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली मेणबत्ती, बस. आई वारली तेव्हा कुणी दूरचे साडू "आत्म्याला शांती मिळो" म्हणाले, तर याच राकेशने त्यांना गॅलरीत नेऊन धडा दिला होता, की आमच्यात आत्मा नसतो, तुमचा असेल तर तुम्ही सांभाळा. तो राकेश बापाच्या मरणावर ईश्वराला कामाला लावेल? जीभ झडली तरी लावणार नाही.

"तू कोण आहेस?" पूर्वाने विचारलं.

"मी राकेश, ताई."

"राकेशला फोन दे."

"मीच बोलतोय ना. तू घाबरली आहेस. हळूहळू श्वास घे. आपण दोघं मिळून श्वास घेऊ."

आणि फोनमधून खरोखरच श्वास घेतल्याचा आवाज आला. तिच्या भावाचा श्वास. लहानपणी एका गोधडीत झोपताना ऐकलेला, किंचित घुरघुरणारा. पूर्वाने फोन गादीवर फेकला आणि हात साडीला पुसला.

आता तिला सगळं कळलं. राकेश मोबाइल नेटवर्कच्या एका कंपनीत होता. तिथे नव्या पिढीचं नेटवर्क तयार होत होतं. आधीच्या पिढ्यांत म्हणे नुसता वेग वाढत गेला, या पिढीत नेटवर्कला स्वतःचीच अक्कल येणार होती. ते तुमचा आवाज शिकणार, बोलायची ढब शिकणार, तुमच्या वतीने फोन घेणार, करणार, आणि काय बोलणं झालं ते मागाहून दोन ओळींत तुम्हाला कळवणार. सेवेचं नाव 'सोबत'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कर्वेनगरात चाचणी सुरू झाली तेव्हा राकेशने घरातले सगळे फोन बदलून दिले, आणि जेवताना छाती फुगवून सांगितलं, "ताई, यापुढे 'फोन उचलत नाही' ही तक्रारच जगातून जाणार." तिने तेव्हा स्पष्ट विचारलं होतं, "म्हणजे आमच्याशी पण मशीनच बोलणार का?" त्यावर तो हसला होता. "छे गं! ते बँकवाले आणि लोनवाले यांच्यासाठी. घरच्यांसाठी कोण वापरेल?"

कोण वापरेल! त्या यंत्राला जयभीम म्हणता येत होतं, कारण राकेश ते रोज म्हणायचा. मरणाबद्दल मात्र तो कधी बोललाच नव्हता, मग तिथे यंत्राने बाजारातलं तयार वाक्य आणून चिकटवलं. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे मजकूर असतात तसं.

संजयने त्याच्या फोनवरून लावून बघितलं. "जयभीम, दाजी! बोला." त्याने कंपनीच्या नंबरवर लावला. तिथे एक मधाळ बाई भेटली, तिला राकेशचं नाव सांगितल्यावर तिने फोन जोडून दिला आणि पुन्हा "जयभीम, दाजी!" निरोप लिहून पाठवला तर त्याचं उत्तर पाठवायच्या आधी आल्यासारखं आलं: 'नक्की बघतो.' संजय शांत माणूस, त्यानेसुद्धा एक सणसणीत शिवी हासडली.

बायडाबाई पुढे सरकल्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "फोनवर इस्वास न्हाई तर मानूस धाड. आमच्यात मयताचा सांगावा मानूसच घिऊन जायचा. आन् तो बी दारात जाऊन मेलं म्हनून सांगायचा न्हाई. म्हातारं लई आजारी हाय, चला म्हनायचा. ऐकनाऱ्याला कळायचं."

"मी जातो," संजय म्हणाला.

"नको. तुला बघून तो आधी कॉफी विचारेल. मीच जाते. तू बाबांजवळ थांब, आणि बौद्धाचार्यांना बोलावून घे."

रिक्षा कर्वे रोडला लागली आणि पूर्वाच्या स्वतःच्या फोनने पर्समध्ये थरथर केली. काढून बघते तर 'सोबत' मलाही कामाला लावा म्हणत होती. तिने ती कधी सुरू केली नव्हती, तरी. 'तुमच्या आवाजात ताण जाणवतो. तुमच्या वतीने नातेवाइकांना दुःखद बातमी कळवू का? आवाज: हळवा, संयत, की भावविवश?' खाली तीन गोल होते. दाबायचा आणि मोकळं व्हायचं. धुळ्याच्या आत्याला तिचा हळवा आवाज जाणार, आत्याच्या फोनमधली आत्या रडणार, आणि दोन्ही बायांना मागाहून दोन ओळी कळणार. शी! पूर्वाने फोन बंद केला आणि पर्सच्या तळाला, रुमालाखाली ढकलला.

येरवड्याच्या पुढे रिक्षा अडकली. शेजारच्या गाडीत एक बाई आरशात बघून लिपस्टिक लावत होती, आणि तिच्याच डॅशबोर्डवरून तिचाच आवाज कुणाला तरी सांगत होता, "नाही रे राजा, मम्माला पण तुझी खूप आठवण येते." बाईचे ओठ मात्र लिपस्टिकसाठी ताणलेले होते. पूर्वाने तोंड दुसरीकडे फिरवलं. पुण्यात माणसं पूर्वी एकमेकांशी बोलायची नाहीत ती निदान तोंडावर बोलायची नाहीत. दारावर पाटी लावायची, एक ते चार बेल वाजवू नये. ते परवडलं. त्या पाटीमागे एक खडूस का होईना, माणूस झोपलेला असायचा.

खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत खाली स्वागताला माणूस नव्हताच. एक पडदा होता, त्यावर एका हसऱ्या मुलीचं तोंड होतं. "नमस्कार! आपल्या भेटीचं कारण निवडा," ती म्हणाली. मुलाखत. मीटिंग. डिलिव्हरी. इतर.

"मयत," पूर्वा म्हणाली.

"क्षमस्व, समजलं नाही. मुलाखत, मीटिंग, डिलिव्हरी, की इतर?"

"तुमच्या इथल्या राकेशचे वडील वारलेत!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की काचेपलीकडून एक गार्ड धावत आला. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर समाधान असं नाव होतं. पूर्वाकडे पाहून त्याने काही विचारलं नाही. डोक्यावरची टोपी काढली, स्वतःचं कार्ड यंत्राला लावलं आणि म्हणाला, "या ताई. सहाव्या मजल्यावर बसतात ते."

राकेश मीटिंगमध्ये असता तर एक वेळ तिने समजून घेतलं असतं. काम असतं, साहेब असतात, आपण नोकरदार माणसं. पण तो कॅन्टीनमध्ये होता. समोर इडलीची प्लेट, आजूबाजूला टोळकं, आणि कुणाच्या तरी विनोदावर तो खिदळत होता. ओठाला चटणी लागली होती. फोन टेबलावर पालथा पडला होता.

त्याने मान वर केली. "ताई? तू इथे कशी?" तो उठत म्हणाला. "अगं, फोन करायचा ना!"

पूर्वा टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिने फक्त बोटाने टेबलावरच्या फोनकडे दाखवलं.

राकेशने फोन सुलटा केला आणि तो वाचू लागला. पूर्वाने त्याच्या खांद्यावरून वाचलं. 'ताईचे फोन आले. विषय: बाबा बाहेर गेलेत. कुणाचं तरी निधन झालं आहे. तुमच्या वतीने सांत्वन केलं. ताईचा मूड: चिडचिड. तातडीचं काही नाही.'

"कोण वारलं?" राकेशने विचारलं. ओठाला चटणी तशीच.

बायडाबाईंची रीत तिच्या मनात येऊन गेली. बाबा फार आजारी आहेत, चल, असं म्हणावं. पण आडवळणाने बोलायची तिची इच्छाच मेली होती. "तुझा बाप," ती म्हणाली.

राकेश खाली बसला. मग त्याचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला आणि तो रडायला लागला, खऱ्या, बेसूर, नाक वाहणाऱ्या रडण्याने. टोळक्यातली दोघंजण उठून उभी राहिली, पण त्यांना काय बोलावं सुचेना. सवय मोडली असणार. पूर्वाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो ठेवतानाही तिच्या मनात आलं, की हा खरा आहे ना? आणि असं मनात यावं, याचाच तिला संताप आला.

त्याच्या गाडीत बसेपर्यंत तिने दम धरला. गाडी चालवायला तिने समाधानच्या ओळखीचा एक ड्रायव्हर घेतला, कारण राकेशला रडणं आवरत नव्हतं. दोघं मागे बसली. मग तिने विचारलं, "बाबांनी तुला काय सांगून ठेवलंय?"

"कशाबद्दल?"

"त्यांच्यामागं काय करायचं. ते म्हणाले मला, राकेशला सगळं सांगितलंय म्हणून. घरी सगळे त्यासाठीच खोळंबलेत. काय सांगितलं होतं?"

राकेश खिडकीबाहेर बघायला लागला.

"रोज संध्याकाळी सात वाजता बाबांशी कोण बोलायचं, राकेश?"

"सुरुवातीला मीच बोलायचो."

"सुरुवातीला म्हणजे?"

"ताई, तू समजून घे ना. इथे डेडलाइन्स असतात, संध्याकाळी परदेशातले कॉल्स असतात. आणि बाबा तेच तेच सांगायचे. खडकवासल्याच्या कालव्याची फाइल, साहेबाने केलेला अपमान... सोबत कंटाळत नाही गं. मी कंटाळलो असतो, चिडलो असतो. त्यांना बरंच वाटत होतं की नाही? आनंदात होते ना ते?"

होते. हीच तर घाण होती. सीताराम रोज संध्याकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गॅलरीतल्या खुर्चीवर बसून फोनची वाट बघायचे. फोनवर दिसणार नव्हतं काही, तरी शर्ट इस्त्रीचाच. आतून पूर्वाला पलीकडचा आवाज ऐकू यायचा, "मग पुढे काय झालं, बाबा?" आणि बाबा पुढे काय झालं ते सांगत सुटायचे. अर्धा-अर्धा तास. मग आत येऊन म्हणायचे, "पोरगा फार ऐकून घेतो माझं." त्या वेळी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना पूर्वाला भावाचा हेवा वाटायचा. एका भांडखोर, स्वाभिमानी म्हाताऱ्याने आयुष्यातले शेवटचे महिने एका पेटीशी गप्पा मारण्यात घालवले, आणि आपण त्या पेटीचा हेवा केला.

"लाज नाही वाटली तुला?" ती म्हणाली. "बँकवाल्यांसाठी होतं ना ते? लोनवाल्यांच्या रांगेत नेऊन बसवलंस बापाला?"

राकेशने खिशातून फोन काढला. तो त्यात काहीतरी शोधायला लागला. "सगळं साठवलेलं असतं," तो म्हणाला. "शिकण्यासाठी. बोलणंही, आणि आपल्याला येतात त्या दोन ओळीही. थांब, मी शोधतो." त्याने बापाचं नाव टाकलं, गेल्या काही आठवड्यांच्या ओळी वर सरकवल्या. बाबा बरे आहेत. बाबा बरे आहेत. जुन्या ऑफिसच्या आठवणी. बाबा बरे आहेत. मग एका ओळीवर त्याचं बोट थांबलं: 'बाबांची डोळ्यांची तक्रार. डोळ्यांचे थेंब घरी मागवले.'

थेंब आलेले पूर्वाला आठवत होते. बाबांनी ती बाटली कौतुकाने सगळ्यांना दाखवली होती. डोळ्यांची तक्रार त्यांना कधीच नव्हती. मोतीबिंदू काढल्यापासून पेपर ते चष्म्याशिवाय वाचायचे.

"हे लाव," ती म्हणाली.

राकेशने लावलं. गाडीत सीतारामांचा आवाज आला.

"राकेश, एक महत्त्वाचं सांगतो, नीट ऐक. माझे डोळे मिटले की मग उशीर लावू नका. दोन्ही डोळे देऊन टाकायचे. चांगले आहेत माझे, ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, मी विचारलंय. पण लगेच द्यावे लागतात, काही तासांत. कुणाला तरी दिसेल. रडणं-बिडणं मागून करा."

"हो बाबा," राकेशचा आवाज म्हणाला, आणि मागच्या सीटवर बसलेला राकेश दचकला. "डोळ्यांच्या बाबतीत उशीर करायचाच नाही. मी आजच बघतो."

"विसरशील."

"नाही विसरणार. नोंद करून ठेवली."

"शाब्बास. अरे, पूर्वाला सांगायला गेलो होतो मी. दोनदा गेलो. ती म्हणते, बाबा, अभद्र बोलू नका, गोळी घ्या आधी. तिचंही बरोबर आहे, तिच्यामागे व्याप फार. तुझ्याशी कसं निवांत बोलता येतं."

"हो बाबा. मी आहे ना."

राकेशने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मघाची इडली रस्त्यावर ओकला. मागून एका स्कूटरवाल्याने त्याला पुणेरी भाषेत विचारलं, की गाडी घेतली तशी पिशवी घ्यायला काय झालं होतं. पूर्वाने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पेटीला वाटलं, डोळे मिटणं म्हणजे डोळ्यांचं दुखणं. पेटीचं काय चुकलं! तिला आपल्या माणसांची खोड कुठून ठाऊक असणार, की इथे कुणी मरत नाही, नुसते जातात, नुसते डोळे मिटतात.

तिने पर्समधून स्वतःचा फोन काढून सुरू केला. 'सोबत'चे तीन गोल अजून तिथेच होते. ते बाजूला सारून तिने नेत्रपेढीचा नंबर शोधला आणि लावला. फोन बराच वेळ नुसता वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला, आधी कपबशी ठेवल्याचा आवाज आला, मग एक खोकला.

"बोला," एक बाई म्हणाली. घसा बसलेला, सूर त्रासिक. दिवसभरात फोनवर भेटलेलं पहिलं माणूस.

"माझे वडील गेले," पूर्वा म्हणाली. "त्यांचे डोळे द्यायचे आहेत."

बाईंनी कुठे म्हणून विचारलं नाही. "किती वाजता गेले?"

"पहाटे. उजाडायच्या आधी."

"अहो, आता दुपार झाली," बाई म्हणाल्या. सूर थोडा उतरला होता. "सहा तासांच्या आत लागतात. आता नाही हो उपयोग."

"काहीच नाही का करता येणार?"

"नाही. वेळेत मिळाले असते तर दोघांना झाले असते. तुम्हाला माहीत नव्हतं का? आधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं त्यांनी?"

"माझ्या भावाला सांगितलं होतं." पूर्वाने शेजारी बघितलं. राकेश बाटली तशीच हातात धरून बसला होता. "भाऊ खराडीला असतो."

"आणि घरात?" बाईंनी विचारलं. त्यांना उगीच टोचायचं नव्हतं, नुसतंच विचारत होत्या. "घरात त्यांच्याजवळ कुणी नव्हतं का?"

"होतं," पूर्वा म्हणाली. "मी होते."